आसनक्षमता दोन

आरटीओच्या खिडकीपलीकडच्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या वडिलांना, नानांना, विचारलं, "बाबा, यात किती माणसं राहणार?" नानांनी क्षणभरही विचार केला नाही. उजव्या हाताची दोन बोटं वर केली आणि म्हणाले, "दोन." मी शेजारीच उभी होते. माझ्या फाईलमध्ये आमच्या जुन्या ट्रकचं घर करायचा आराखडा होता, आणि त्यात पाच माणसांच्या निजण्याच्या जागा मी स्वतः पट्टी लावून आखल्या होत्या. नाना, माय, मी, माझा नवरा, मुलगा. मागच्या बाकड्यावर माय बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी धरून. तिनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. कागद परत मिळाले, आम्ही बाहेर आलो, कडुनिंबाखालच्या गाड्यावर उसाचा रस प्यालो आणि गावी परतलो. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. त्या कामाचं काय झालं ते सांगेनच, पण कामापेक्षा ती दोन बोटंच माझ्या डोक्यात राहिली आहेत. वर्गात मुलांना उतारा लिहायला सांगून मी खिडकीशी उभी असते, आणि मध्येच ती वर होतात.

दोन म्हणजे कोण?

गाडी म्हणजे आमची सोळा-तेरा. टाटाची सहाचाकी, सोळा टनांची, १३० अश्वशक्तीची. तिच्या नावातच तिचं वजन आणि ताकद आहे. वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर नानांनी २००६ साली ती घेतली. घरापुढे उभी केली तेव्हा मायनं चाकांना हळदकुंकू लावलं, बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि बोनेटवर हात ठेवून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. चोपड्याकडची केळी दिल्लीला न्यायची, हा नानांचा धंदा. पहाटे बागेत कापणीची टोळी शिरायची. घड खांद्यावर घेऊन माणसं चिखलातून धावत यायची. हौद्यात आधी केळीच्या पानांचा जाड थर, बाजूंनाही पानं, मग घडावर घड. मागचा फाळका लागला, ताडपत्री ताणली, दोर आवळले की नाना गाडीला एक फेरी मारायचे आणि प्रत्येक टायरवर टॉमीची लोखंडी कांब आपटून आवाज ऐकायचे. कच्च्या केळीचा चीक पाण्यासारखा दिसतो, पण कापडावर पडला की काळा होतो आणि मग कशानंच निघत नाही. नानांच्या सगळ्या सदऱ्यांवर ते काळे डाग होते. लहानपणी मला वाटायचं, सदऱ्याचं कापडच तसं मिळतं. हौद्याच्या फळ्याही त्या चिकानं काळ्या पडलेल्या. पावसाळ्यात रिकाम्या हौद्यात चढलं की अजून तो वास येतो. हिरवा, तुरट, जरासा आंबूस.

शिरपूर, मग बिजासनचा घाट, देवीपाशी नारळ, पुढे सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, आणि शेवटी आझादपूरची मंडी. हजार-अकराशे किलोमीटर. केळी म्हणजे थांबू न देणारा माल. ताडपत्रीखाली ऊब धरली की घड वाटेतच पिकायला लागतात, आणि पिकलेल्या केळीला मंडीत कोणी विचारत नाही. त्यामुळे नाना कधी अमुक दिवशी येतो असं सांगून गेले नाहीत. यायचे तेव्हा यायचे. रात्री-अपरात्री गल्लीच्या तोंडाशी एअर ब्रेकचा फुस्स आवाज झाला की माय अंथरुणात उठून बसायची, हातानंच केस नीट करायची आणि चुलीकडे जायची. आम्ही भावंडं झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायचो, कारण नानांना पाहून काय बोलायचं ते कोणालाच सुचायचं नाही.

मग एकेक रस्ता बंद होत गेला. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी आली, तेव्हा आमची गाडी नेमकी दहाला टेकत होती. आझादपूर संपलं. बारा वर्षांनंतर दोन आसांच्या ट्रकला नॅशनल परमिट मिळत नाही, म्हणून २०१८ मध्ये राज्याबाहेरचं जगही मिटलं. पुढची दोन-तीन वर्षं कापसाच्या गठाणी, मका, कधी विटा अशी जवळची भाडी मारली. पंधरा वर्षं भरली, आणि १ एप्रिल २०२२ पासून तशा जुन्या जड गाडीच्या फिटनेसची फी साडेबारा हजारांवर जाणार, असं कळलं. विमा, टायर, पर्यावरण कर, सगळ्याची बेरीज नानांनी एका जुन्या बिल्टीच्या पाठीवर केली, कागदाची घडी केली आणि गाडी शेतात नेऊन लावली. चाकांपुढे दगड ठेवले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

घर करायची कल्पना माझी. करोनाच्या दुसऱ्या वर्षी शाळा बंद होती, मी मुलाला घेऊन माहेरी येऊन राहिले होते. रोज संध्याकाळी नाना शेतात जायचे आणि गाडीभोवती फिरून यायचे. सकाळी टायर पुसायचे, दर चार-पाच दिवसांनी इंजिन सुरू करून पाच मिनिटं चालू ठेवायचे. एक दिवस मी टेप घेऊन हौद्यात चढले. सतरा फूट लांब, सात फूट रुंद. म्हणजे ११९ चौरस फूट. लग्नानंतर नाशिकला आम्ही पहिली खोली घेतली होती ती दहा बाय दहाची, आणि तिच्यात आम्ही तीन वर्षं काढली. इथे तर १९ फूट जास्त होते. बंद बॉडी, दोन्ही बाजूंना खिडक्या, मागं दार, एका अंगाला ओटा, छतावर सोलर आणि पाण्याची टाकी. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण त्याच साली आलं होतं, पेपरात फोटो होते. पण माझ्या डोळ्यांपुढे पर्यटन नव्हतं. मायनं नानांच्या तोंडून ग्वाल्हेरचा किल्ला ऐकला होता, चंबळच्या घळी ऐकल्या होत्या, आग्र्याच्या पेठ्याचे डबे तिनं जपून ठेवून त्यांत मोहरी-जिरं भरलं होतं. तिनं पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव मात्र पंढरपूर होतं. मला वाटलं, ज्या गाडीनं या माणसाला इतकी वर्षं हिच्यापासून लांब नेलं, तीच गाडी आता दोघांना मिळून घेऊन जाईल. हे मला तेव्हा इतकं सरळ दिसत होतं की नानांना काय वाटतं हे मी धड विचारलंच नाही. ते "बरं" म्हणाले, आणि ते "बरं" मी होकार म्हणून घेतलं.

एक शहाणपण केलं. काही कापाकापी करण्याआधी परवानगी विचारायला गेलो.

साहेब भले होते. त्यांनी आम्हाला ताटकळत ठेवलं नाही, आराखडा उलगडून नीट पाहिला, ओट्याच्या जागेवर बोट ठेवून "गॅस इथे?" असंही विचारलं. मग म्हणाले, "ताई, बॉडी बदलणं वेगळं आणि गाडीची जात बदलणं वेगळं." ते वाक्य मला फार नेमकं वाटलं. उघड्या हौद्याची बंद बॉडी करायला मंजुरी मागता येते, पण तरी गाडी मालाचीच राहते. ही गाडी कारखान्यातून निघाली तीच माल वाहणारी म्हणून. त्यांच्या भाषेत एन-थ्री, म्हणजे बारा टनांच्या वरची मालवाहू. तुम्हाला ती हवी एम वर्गात, माणसांच्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की बनवणाऱ्यानं दिलेला आणि नोंदणीच्या कागदावर चढलेला तपशील मालकाला बदलता येत नाही. त्यांनी ते एवढ्या शांतपणे सांगितलं की मला वाद घालायला जागाच सापडली नाही. आणि मग कागद परत देता देता, बहुधा म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द बोलावेत म्हणून, त्यांनी नानांना तो प्रश्न विचारला. किती माणसं राहणार.

त्या रात्री मी मोबाईलवर कायदा वाचत बसले. माय बाजूला लसूण सोलत होती. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच म्हटलेलं सापडलं: मूळ बनावटीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही घातली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे. मी मनात माझ्या आराखड्यातले बदल मोजले. आणखी खाली गेल्यावर दिसलं की घरगाडी हा प्रकार कायद्याला अनोळखी नाही. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत, खासगी वापराच्या बिगर-वाहतूक गाड्यांच्या यादीत, कॅम्पर व्हॅन आहे. रस्ता आहे, फक्त तो दुसऱ्या टोकानं सुरू होतो. कंपनीकडून नुसता चॅसिस, म्हणजे इंजिन-चाकांचा सांगाडा, घ्यायचा, मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडून त्यावर घर बांधून घ्यायचं, ते मोटार कॅराव्हॅनसाठी असलेल्या एआयएस-१२४ या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचं, आणि मग बॉडी बांधणाऱ्याचा बावीस-ए नमुना जोडून नव्या कोऱ्या गाडीची नोंदणी करायची. जन्मतःच घर असलेली गाडी घर म्हणून नोंदता येते. जन्मभर माल वाहिलेली गाडी म्हातारपणी घर होऊ शकत नाही.

त्या वाचनात मला घरगाडीची व्याख्याही सापडली. घरगाडी कशाला म्हणायचं? जिच्यात निदान चार गोष्टी आहेत. बसायला आसन आणि टेबल. निजायची सोय. स्वयंपाकाची सोय. सामान ठेवायची जागा. आणि हे सगळं गाडीला पक्कं जोडलेलं हवं. टेबल तेवढं काढता-घालता आलं तरी चालेल. ती ओळ मी दोनदा वाचली, आणि अंगणात खाटेवर बसलेल्या नानांकडे पाहिलं.

नानांच्या गाडीत या चारी गोष्टी होत्या. ड्रायव्हरच्या आसनामागे आडवी फळी होती, वर रेक्झिनची गादी, जेमतेम पावणेदोन फूट रुंद. ती निजायची सोय. दोन आसनांच्या मध्ये इंजिनाचं उंच झाकण. ते टेबल. धावती गाडी थांबवली की ते तासभर गरम असतं. त्यावर मायनं बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी फडक्यासकट ठेवल्या की ताज्यासारख्या होतात, चहाचा पेला निवत नाही. हौद्याखाली बाजूला लाकडी पेटी, तिच्यात पंपाचा पितळी स्टोव्ह, एक पातेलं, मीठ-मिरचीचा डबा, कांदे. संध्याकाळी ढाब्याच्या मागं गाडी लावून खिचडी. बंपरला लटकवलेल्या छागलीतलं पाणी मे महिन्यातही गार. फळीखालच्या कप्प्यात कपड्यांची वळकटी, गाडीचे कागद, दाढीचं सामान, आणि देवीचा फोटो वर टपाला. सगळं पक्कं, खिळे मारून, तारेनं बांधून, कारण खड्ड्यांत सुटं काही टिकत नाही. कायद्याच्या व्याख्येत ते घर चपखल बसत होतं. नाना अशा घरात तीस-पस्तीस वर्षं राहिले, आणि आमच्याकडे यायचे.

मी हे असं लिहिते आहे, आणि लिहितानाच मला जाणवतं की मी त्यांच्यावर जरा रागावले आहे. तो राग कधीचा आहे तेही ठाऊक आहे. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी येते. नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ मोजतात. काका मोजायचे, मोठ्यानं नाव घेऊन. नानांचं नाव आलं की सव्वा मूठ पडायची, नाना मात्र बहुतेक वेळा सेंधव्याच्या पुढे कुठंतरी असायचे. नसलेला माणूस मोजला जायचा. माय दिवसभर दळायची, लिंपायची, नैवेद्याला खपायची, आणि त्या मोजणीत ती नव्हती, मीही नव्हते. एका वर्षी मी काकांना विचारलं, मायची मूठ कुठाय? सगळे हसले. माय नाही हसली, तिनं मला हातानं जवळ ओढलं. म्हणून मोजणीचा प्रश्न आला की माझे कान टवकारतात. म्हणूनच ती दोन बोटं.

कारण नानांच्या तोंडात "दोन" हा आकडा आयुष्यभर एकाच अर्थानं होता. ड्रायव्हर आणि क्लीनर. नाक्यावर पोलिसानं विचारलं, किती जण? दोन. ढाब्यावर किती थाळ्या? दोन. क्लीनर सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा होता, पंधरा-सोळाचा असताना आला आणि पुढे स्वतः ड्रायव्हर होऊन गेला. त्याला नानांचं सगळं ठाऊक होतं. कोणत्या घाटात ते गप्प होतात, ताप आला की काय खातात, कुठल्या मंदिरापाशी हॉर्न वाजवतात. दिवाळीला यायचा तेव्हा आम्हाला तो आमच्याच बापाच्या गोष्टी सांगायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि तो पुढे गेल्यावर मी खूश झाले होते, हेही खरं आहे. तर खिडकीपुढे नानांच्या तोंडून त्याच सवयीचं दोन निघालं असेल. किंवा त्याहून साधं काहीतरी. महिनाभरानं आरसी बुक चाळताना मला त्यात ओळ दिसली: आसनक्षमता, चालक धरून, २. साहेबांपुढे उभं राहिल्यावर जन्मभर ज्या माणसानं कागदावर आहे तेच सांगितलं, त्यानं याही वेळी तेच सांगितलं असेल. कागदावर नसलेली माणसं सांगायची नसतात, हे त्यांना नाक्यानाक्यानं शिकवलं होतं.

आणि तिसरा एक अर्थ आहे. तो मला हवा आहे, म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवायला घाबरते.

चाकांवरचं घर आमच्या भागाला नवं नाही, हे मला पुष्कळ उशिरा आठवलं. लहानपणी मृगाच्या आधी गावाबाहेर गाडी लोहार येऊन उतरायचे. पितळी खिळ्यांनी मढवलेल्या बैलगाड्या, गाडीवर उलटी टाकलेली खाट, गाडीखाली पाळणा आणि त्यात मूल. चितोड पडल्यावर पक्क्या छपराखाली निजणार नाही अशी पूर्वजांनी आण घेतली, ही त्यांची आख्यायिका. बाई घण घालायची, बुवा सांडशीनं फाळ धरायचा, आणि सगळं गाव विळे-कुऱ्हाडी घेऊन रांगेत. धुळ्याकडचे ठेलारी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन यायचे. घोड्याच्या पाठीवर आख्खा संसार, वर बांधलेली कोंबडी, त्यावर बसवलेलं लेकरू. जत्रेत तमाशाचा फड यायचा तो ट्रकनंच, आणि दुपारी त्या ट्रकांच्या सावलीत बाया केस वाळवत, पोरांना दूध पाजत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. यातल्या प्रत्येक घरात बाई होती. मूल होतं, चूल होती. नानांचं घर तेवढं पुरुषाचं होतं. मी टेप घेऊन हौद्यात चढले तेव्हा मला नक्की काय बदलायचं होतं, ते मला इथे येऊन कळतं.

कायद्यावर मात्र मला राग धरता येत नाही. मी प्रयत्न केला. गावातल्या एक-दोघांनी सुचवलंही, कोण बघतं, कागदावर माल असू दे, आत काय करायचं ते करा. नानांनीच ते उडवून लावलं. त्यांनी मला हौद्याखाली नेलं, पाटे दाखवले. एकावर एक लोखंडी पट्ट्या, नऊ-दहा टन पाठीवर घेऊन वाकतील अशा. "रिकामी गाडी चालत नही, उडस," ते म्हणाले. भरलेली गाडी रस्ता धरते. रिकाम्या गाडीत फाळक्याचा खिळादेखील नाचतो. तुझा ओटा, तुझी गॅसची टाकी, तुझं पोर त्या पाट्यांवर बसवणार? ब्रेक मालाच्या हिशेबानं, वजनाचा तोल मालाच्या हिशेबानं. हौद्यात निजलेल्या माणसाला बिजासनच्या उतारावर धरायला काय आहे? त्यांनी अपघात पाहिले होते. लग्नाचं वऱ्हाड ट्रकमध्ये घातलेलं, आणि मग रस्त्यावर पसरलेल्या चपला. ते मला कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. साहेबांनी कलम सांगितलं, नानांनी त्याचं कारण सांगितलं, आणि दोघांच्या बोलण्यात फरक नव्हता. वर आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. माझ्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचीच गाडी चालते. ही सोळा टनी गाडी घर झाली असती तरी हाकायची नानांनीच होती. मी त्यांना विश्रांतीच्या नावाखाली परत त्याच आसनावर बसवत होते.

नव्या चॅसिसचं मी एकदा विचारून पाहिलं. लहान घेऊ, साडेसात टनांच्या आतलं, रीतसर बांधून, रीतसर पासिंग करून. नवऱ्यानं कर्जाचा हिशेबही मांडला होता. नाना म्हणाले, "नवी लिसन काय करसू मी?" आणि खाटेवर आडवे झाले. आमच्या घरी रुंद शिसवी पलंग आहे, मायच्या माहेरचा. नाना त्यावर निजतात ते अगदी कडेला, एका कुशीवर, तोंड भिंतीकडे, दोन्ही हात छातीशी धरून, आणि रात्रभर कूस बदलत नाहीत. पलंगाचा दोन तृतीयांश भाग मोकळा. लहानपणापासून मी त्यांना असंच निजताना पाहिलं आहे. माय एकदा माझ्या मावशीला म्हणाली होती, "घर ईसन बी पाव्हनाच ऱ्हास हाऊ माणूस." घरी येऊनही पाहुण्यासारखाच राहतो. मी तेव्हा दहावीत होते. ते वाक्य मी मनात धरून ठेवलं आणि नानांविरुद्ध वापरलं, कितीतरी वेळा, मनातल्या मनात.

गाडी शेतात आहे तिथेच आहे. कापली नाही, रंगवली नाही, भंगारात दिली नाही. त्या भानगडीत पडायचं तेव्हा पडू. गेल्या उन्हाळ्यात मायनं बिबड्यांचं वाळवण घालायला हौद्याची जागा हेरली. कुत्री चढत नाहीत, धूळ कमी, दिवसभर ऊन. नानांनी फाळका खाली सोडला, फळ्या धुतल्या, काळे डाग काही गेले नाहीत. मायनं जुनी धोतरं अंथरून त्यावर बिबडे थापले. दुपारी राखणीला ती खाली निंबाच्या सावलीत बसायची. एके दिवशी ऊन फारच चढलं, सावली सरकली, आणि ती नानांना म्हणाली, दार उघडा त्या केबिनचं, जरा आत बसते. मी तिथेच होते. मला नवल वाटलं ते याचं, की गाडी घेतल्याला इतकी वर्षं झाली आणि माय केबिनमध्ये कधी चढलेली नव्हती. पूजेला चाकांपर्यंत, डबा द्यायला पायरीपर्यंत, बस.

नानांनी दार उघडलं. पायरी उंच होती, त्यांनी खालून हात दिला. माय क्लीनरच्या जागेवर बसली, पुढच्या काचेतून बागेकडे बघत राहिली. स्टिअरिंगला हात लावून पाहिला, देवीच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसली. मग मागं वळून फळीकडे पाहिलं. काही न बोलता आसनावर गुडघा टेकून ती मागं सरकली आणि त्या फळीवर आडवी झाली. काही वेळ तिचे नुसते पाय दिसत होते, जोडवी घातलेले. फळी करकरली. ती उताणी झाली असावी, कारण तिचं कोपर बाहेर आलं आणि अधांतरी लटकलं. तिनं ते आत ओढून घेतलं. मग ती कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड करून. हात छातीशी घेतले.

"अठे कूस बदलताच येस नही," ती आतून म्हणाली.

नाना पायरीशी उभे होते. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. खांद्यावरच्या पंच्यानं ते दाराचा आरसा पुसायला लागले, जो पुसलेलाच होता. बराच वेळ गेला. हौद्यावर कावळे उतरायला लागले, मी हाकलायला उठले. नाना म्हणाले, "उतर आते, उकाडा शे." माय म्हणाली, "थांब."